पुखौची पाच पोस्टकार्डं

जिब्रानची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो स्वतःच्याच गाडीत अडकून बसला होता, आणि त्याला अडकवणारी मी होते.

मी म्हणजे माझी स्कूटर. मी जयगडची, आणि माझी शाळा खाडीपलीकडे, तवसाळच्या बाजूला. रोज सकाळी फेरीबोटीत स्कूटर घालायची, पाव तासात पलीकडे उतरायचं, संध्याकाळी परत. बोटीत कुठली गाडी कुठे उभी राहणार हे काशीरामकाका ठरवतात. तोंडात शिट्टी, हातात काठी, आणि त्यांच्यापुढे मोठमोठ्या गाड्याही मुकाट्यानं मागेपुढे होतात. नोव्हेंबरातली गार सकाळ होती. दिवाळीची सुट्टी संपून मुंबईकर परतत होते, बोट खचाखच भरलेली. काकांनी एका पांढऱ्या गाडीकडे काठी दाखवली.

"बाय, हितंच लावा. खेटून."

मी खेटून लावली आणि कठड्याशी जाऊन उभी राहिले. बोट निघाली. थोड्या वेळानं मागून आवाज आला, अगदी अदबीचा.

"ओ मॅडम... तुमची स्कूटर माझ्या दारावर टेकलीय."

काच चार बोटं खाली होती आणि फटीतून दोन डोळे दिसत होते. वैतागलेले असायला हवे होते, पण हसत होते.

"दुसऱ्या बाजूनं उतरा," मी म्हटलं.

"त्या बाजूला सुकटीचा टेम्पो आहे. काचसुद्धा उघडवत नाही."

"मग बसा. पाव तासाचा तर प्रश्न आहे."

"बसतो की. पण काय आहे, नानजिंगला आगगाडी बोटीवर चढवायचे ना, तेव्हासुद्धा दोन डब्यांमध्ये माणूस जाईल एवढी जागा ठेवायचे."

मी वळले. "आगगाडी? बोटीवर?"

"अख्खी. तुकडे करून."

"हे बघा, मी शाळेत भूगोल शिकवते. मला असलं काही सांगू नका."

"भूगोल शिकवता?" ती काच आणखी दोन बोटं खाली आली. "मग तर सांगायलाच हवं."

त्या पाव तासात मला कळलं ते इतकं – नाव जिब्रान, घर रत्नागिरीत मिरकरवाड्याला, काम जहाजाच्या इंजिनांचं. कंपनी चीनमध्ये नानजिंगला नवं जहाज बांधून घेत होती आणि ते नीट बांधलं जातंय का हे बघायला याला तिथं ठेवलं होतं. महिन्याभराची सुट्टी, त्यातला एक आठवडा संपलेला. पलीकडे खाला, म्हणजे मावशी, राहते, तिच्या विहिरीवरचा पंप बिघडलाय, तो बघायला निघालाय. मी स्कूटर काढली तेव्हा तो गाडीतून उतरला, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "उद्या याच बोटीला असता का?"

दुसऱ्या दिवशी मी याच बोटीला होते, आणि तोही होता. गाडी न घेता.

काशीरामकाकांच्या नजरेतून काही सुटत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला अडवलंच. "काय ओ, खालेचा पंप हाय की जहाज? रोज येतासा तो."

"जुना आहे काका. नाजूक काम आहे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याकडे पाहिलं.

एका फेरीत एक गोष्ट, असा नेम पडून गेला. गोष्टी सगळ्या पुखौच्या. नानजिंग शहराचा नदीपलीकडचा भाग म्हणजे पुखौ. मध्ये यांगत्से नदी. उत्तरेहून आलेला लोहमार्ग पुखौच्या काठावर येऊन संपायचा, पुढे नुसतं पाणी. आधी लोक सामान डोक्यावर घेऊन उतरायचे, आगबोटीनं नदी ओलांडायचे आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत बसायचे. मग एकोणीसशे तेहतिसात रूळ बसवलेली मोठी बोट आली. गाडीचे तुकडे करायचे, ते बोटीवर शेजारीशेजारी लावायचे, माणसं डब्यातच बसलेली... आणि खिडकीतून नदी बघत बघत पलीकडे.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"चेनबाबांनी. ब्याऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी त्या बोटीवर डबे जोडायचे आणि सोडवायचे. आता जुन्या स्टेशनासमोर भाजलेली रताळी विकतात. ते चिनीत बोलतात, मी मोबाईल पुढे धरतो, मोबाईल मला काहीतरी सांगतो. दर रविवारी तीन रताळी खाईपर्यंत आमचं बोलणं चालतं."

"आणि इंजिन? तेही बोटीवर?"

"नाही. इंजिन फार जड. ते काठावरच राहायचं."

"मग त्याला वाईट नाही का वाटायचं?" मी विचारलं. भूगोलाच्या बाईनं विचारण्यासारखा प्रश्न नव्हता, पण विचारून गेले.

"वाटत असणार. पण गाडीचं अडायचं नाही. पलीकडच्या काठावर दुसरं इंजिन तयार असायचं."

"हो का," मी म्हटलं. "म्हणजे पलीकडे दुसरं असतंच."

"गाडीला असतं," तो हळूच म्हणाला. "मला नाहीये."

बोट धक्क्याला लागली म्हणून मी वाचले. स्कूटर सुरू करताना माझ्या हातून चावी दोनदा पडली आणि काशीरामकाका ती दोन्ही वेळा उचलून देताना काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

असे एकोणीस दिवस गेले. मला त्याचं सगळं आवडायला लागलं होतं. बोलताना मध्येच थांबून योग्य शब्द शोधणं, वारा सुटला की नकळत वाऱ्याच्या बाजूला येऊन उभं राहणं, चेनबाबांची नक्कल करताना डोळे बारीक करणं. पण दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे लग्नाचा शब्द जायचा तो घरच्यांच्या मार्फत, आणि घरी आधीच एक पैगाम येऊन पडला होता. कुवेतचा अरीब. चांगली नोकरी, चांगलं घर, फोनवर बोलणंही सभ्य. माणूस चांगला होता, हीच पंचाईत होती. नावं ठेवायला जागा असती तर मी केव्हाच नाही म्हटलं असतं. अब्बांनी त्यांच्याकडून ईदपर्यंतची मुदत मागून घेतली होती.

शेवटच्या दिवशी जिब्रान म्हणाला, "मार्चमध्ये जहाज पाण्यात जाईल. मग एकतर मला घरी सोडतील, नाहीतर जहाजाबरोबरच पाठवतील. नवं इंजिन पहिले काही महिने ओळखीचं माणूस मागतं." मग खिशातून फोन काढला. "तुमचा नंबर...?"

मी दिला. त्यानं माझ्या फोनवर कोरा मेसेज टाकला.

"पण तिकडे व्हॉट्सॲप चालत नाही," तो म्हणाला. "हा फोन तिथं पेटीत बंद पडून असतो. त्यांचं जे ॲप आहे ते इथं बंदी घातलेलं. घरी रविवारी साधा फोन करतो, तोही दोन मिनिटं."

"मग नंबर कशाला घेतलात?"

"असू दे," तो म्हणाला. "जवळ."

तो गेला, आणि खाडी एकाएकी रुंद झाली. तोच पाव तास संपता संपेना. कुठलीही पांढरी गाडी रॅम्पवरून चढली की माझं काळीज खाली-वर व्हायचं, आणि आमच्याकडे पांढऱ्या गाड्या किती असाव्यात याला काही सुमार नाही.

पहिलं पोस्टकार्ड डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. शाळेच्या पत्त्यावर. पोस्टमन रावजींनी ते वर्गात येऊन, सगळ्या मुलांसमोर, चित्र माझ्याकडे आणि मजकूर स्वतःकडे धरून दिलं.

"चीनवरनं हाय. तुमच्या इद्यार्थ्यांसाठी, असं लिवलंय."

खरंच तसंच लिहिलं होतं. 'महरीन मॅडम, विद्यार्थ्यांसाठी माहिती : पुखौ स्टेशन १९१४ साली बांधून झालं. स्टेशनापासून धक्क्यापर्यंत कमानीचं लांब छप्पर आहे, प्रवासी भिजू नयेत म्हणून. आपला, जिब्रान.'

मी ते अकरा वेळा वाचलं. माहितीच होती. दुसऱ्या कार्डात बोटीवर तीन रूळ होते आणि नदी ओलांडायला चढउतार धरून दोन तास लागायचे. तिसऱ्यात १९६८ साली पूल झाला आणि बोटीचं काम संपलं. मुलांनी वर्गात काड्यापेट्यांची आगगाडी केली, पाण्याच्या परातीत थर्माकोलवर ती तरंगवली, तीनदा बुडवली. मी फळ्यावर नदी काढली. मधल्या सुट्टीत मात्र कार्ड उन्हात धरून बघायची, खोडलेला एखादा शब्द तरी दिसतो का म्हणून. चौथ्या कार्डाच्या तळाशी एक ओळ होती : 'इथली गाडी बंद होऊन वीसेक वर्षं झाली. आता या स्टेशनावर लग्नाचे फोटो काढतात. आज नऊ जोडपी होती. मी एकटाच नुसता उभा होतो.'

रावजी म्हणाले, "एकटाच कशाला उभा ऱ्हायलाय तो, बाय?"

मी म्हटलं, "माहिती आहे ती. मुलांसाठी."

आणि मी? मी लिहीत होते. त्याच बंद फोनवर. पहिला मेसेज तो गेल्याच्या रात्री टाकला : 'पोचलात का?' एक टिक. दुसऱ्या दिवशी : 'आज काकांनी तुमची चौकशी केली.' एक टिक. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की या एका टिकेसमोर मला कशाचीच भीती वाटत नाही. हातातला फोन म्हणजे झाकण लावलेली बरणी झाली होती, काहीही घाला, बाहेर काही येत नाही.

मग मी सगळं घातलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं कळलंही नाही. 'तू वाऱ्याच्या बाजूला उभा राहायचास ते मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.' एक टिक. 'आज आंब्याला मोहर आलाय, परसात उभं राहिलं की वासानं डोकं जड होतं, आणि तू इथं नाहीस याचा राग येतो.' एक टिक. आणि पंचवीस डिसेंबरला, नाताळची सुट्टी म्हणून बोट नाही, शाळा नाही, करायला काहीच नाही अशा भर दुपारी – 'जिब्रान, माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलू शकणार नाही, म्हणून इथं बोलते.' एक टिक. जानेवारीभर मी ते वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहिलं. कधी रडून, कधी भांडून. अजिबात लाज वाटली नाही.

रमजान लागला तसं मी ते थांबवलं. रोज्यात असलं लिहू नये असं मला वाटलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. लिहिणं सुटलं नाही, नुसतं प्रेमाचं तेवढं वगळलं. 'आज इफ्तारला अम्मीनं सांदणं केली.' 'ऊन वाढलंय, तहान लागते, वर्गात बोलवत नाही.' 'पाचवं कार्ड मिळालं. चेनबाबांना सलाम सांग.' आणि शेवटच्या दिवसांत : 'ईद झाली की अब्बा कुवेतला उत्तर कळवणार. मी नाही म्हणणार आहे. कारण तुला माहीत आहे.'

अठ्ठाविसावा रोजा होता. दुपारच्या बोटीनं परत येत होते. घसा कोरडा, डोकं भणभणत होतं. सहज फोन काढला आणि बघते तर दोन टिका. शेवटच्या संदेशाला दोन, वरच्याला दोन, त्याच्या वरच्याला... बघता बघता समोरच्या सगळ्या निळ्या झाल्या.

तो बंद फोन कुठेतरी चालू झाला होता. बरणीचं झाकण उघडलं होतं आणि मी डिसेंबरपासून जे जे आत घातलं ते सगळं तो आत्ता, या क्षणी वाचत होता. फोन खाडीत फेकावा असं वाटलं. तेवढ्यात तो वाजायला लागला.

"महरीन?"

साडेतीन महिन्यांनी तो आवाज. मी कठडा घट्ट धरला.

"सिंगापूरला आहे," तो म्हणाला. "जहाज परवा निघेल. मला सोबत पाठवलंय, जुलैपर्यंत." मग थांबला, योग्य शब्द शोधायला थांबायचा तसा. "आपण 'तू' वर कधी आलो?"

"डिसेंबरात," मी म्हटलं. "तू वाचलं नाहीस का?"

"डिसेंबरचं काहीच नाही आलं. सगळं रमजानमधलंच आहे. महरीन, तीस दिवसांहून जुना न पोचलेला मेसेज थांबत नाही, पुसला जातो. जहाजावर चढलेल्या कुणालाही विचार. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी जमिनीवरची बाई. फोन वर सरकवून पाहिला. खरंच, रमजानच्या आधीचं सगळं एका टिकेवर तसंच उभं होतं. मोहर, भांडणं, पंचवीस डिसेंबर. त्याला पोचलं होतं ते सांदणं, ऊन आणि तहान.

पहिल्यांदा जिवात जीव आला, हे कबूल करते. वाचले, असं वाटलं. आणि लगेच, त्याच श्वासात, छाती भरून आली. साडेतीन महिन्यांत जे एक खरं बोलले होते, ते कुणापर्यंतच गेलं नव्हतं.

"इथं लिहिलंयस," तो म्हणाला, "कुवेतला नाही म्हणणार, कारण तुला माहीत आहे. मला माहीत नाही. कारण काय?"

नोकरी, असं म्हणता आलं असतं. शाळा सोडवत नाही, हे खोटंही नव्हतं. तो ते मान्य करून जुलैपर्यंत दर्यावर गेला असता, आणि तोवर इथं काय काय होऊन गेलं असतं.

"तू पोस्टकार्डंच का पाठवलीस?" मी विचारलं. "पाकिटातून पत्र नाही पाठवता आलं?"

"पाकीट केलं असतं तर खरं लिहिलं असतं. खरं लिहिलं असतं तर मग तिथं राहवलं नसतं. उघड्या कार्डावर स्टेशनाबद्दलच लिहिता येतं."

"जिब्रान, माझं तुझ्यावर प्रेम आहे."

निघून गेलं तोंडातून. मोठ्यानं. बोटीच्या इंजिनाच्या वरताण, कारण हळू बोलले असते तर त्याला ऐकूच गेलं नसतं. एका रिक्षातल्या दोन बायकांनी माना वळवल्या. काशीरामकाकांनी तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली.

पलीकडून आवाज आला, "पुन्हा सांग. इथं इंजिनरूमचा आवाज आहे."

"कसला आवाज? मला पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतेय. तू डेकवर आहेस."

"तरी सांग."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं.

"माझंही," तो म्हणाला. "त्या स्कूटरच्या दिवसापासून. महरीन, अम्मीला आत्ता फोन करतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती तुमच्याकडे येईल. पण मी जुलैपर्यंत नसणार, आणि नंतरही असाच... अर्धं वर्ष इथं, अर्धं पाण्यावर. नीट विचार कर."

"साडेतीन महिने तेच केलं," मी म्हटलं.

बोट लागली. काकांनी सगळ्या गाड्या सोडल्या आणि माझी स्कूटर शेवटी ठेवली. मला डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून, असं मी धरून चालते.

संध्याकाळी घरी अब्बा इफ्तारच्या दस्तरखानाशी बसले होते. अजानला दहा मिनिटं होती. माझ्या लहानपणी ते दोहाला असायचे, दोन वर्षांतून एकदा यायचे. आता कायमचे परतलेत आणि बागेतली कलमं सांभाळतात.

"अरीबच्या घरी काय कळवू?" त्यांनी विचारलं. "तीन दिवस राहिलेत."

"नाही म्हणून कळवा, अब्बा." सकाळी विचारलं असतं तर माझी जीभ रेटली नसती. "मला मिरकरवाड्याच्या जिब्रानशी लग्न करायचंय. तो जहाजावर असतो. जुलैत येईल. मी थांबणार आहे."

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी नुसती टोपी काढून डोकं चोळलं.

"दर्यावरचा मुलगा," ते म्हणाले. "थांबणार म्हणतेस, पण थांबणं सोपं नसतं, बेटा. बोलायला चार अक्षरं असतात. आता मी दोहाला होतो तेव्हा तुझ्या अम्मीनं सोळा वर्षं..."

"सतरा," अम्मी आतून म्हणाली.

आत भांड्यांचा आवाज थांबला. अम्मी हात पुसत बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली. या सगळ्या महिन्यांत, पैगामाबद्दल घरात एवढं बोलणं झालं, त्यात ती एक शब्द बोलली नव्हती.

"अरीबच्या घरी उद्याच कळवा," ती अब्बांना म्हणाली. "चांगल्या माणसाला ताटकळत ठेवू नये."

अब्बांनी मान हलवली. मशिदीतून अजान ऐकू आली. त्यांनी खजुराची बशी उचलली आणि आधी अम्मीपुढे धरली.